ताळा जमला का?

(पालक-सभेतील भाषण)



शिक्षक गणितावर बोलू लागला की श्रोत्यांचे लक्ष घड्याळाकडे जाते. म्हणून प्रथम माझीच एक चूक सांगतो.

चौथीच्या वर्गात एका मुलीने 36 गुणिले 24 हा गुणाकार वहीत केला. उत्तर 864. अगदी बरोबर. मी तिच्या बाकापाशी थांबून सहज विचारले, "खात्री आहे ना?" माझ्या आवाजात काय होते कोण जाणे, तिने लगेच खोडरबर उचलला आणि बरोबर उत्तर पुसून टाकले. घाईघाईने पुन्हा मांडणी केली आणि 216 लिहिले. त्या दिवशी मला चैन पडेना. मुलीला पाढे येत होते, रीत येत होती. पण उत्तर बरोबर की चूक हे ती माझ्या चेहऱ्यावर वाचीत होती. ही सवय तिला आम्हीच लावलेली. लाल शाई आमच्या हाती, मग मुलाने आपले उत्तर कशाला तपासावे?

तेव्हापासून ताळा केल्यावाचून गुणाकार पुरा झाला असे मी मानीत नाही. आलेल्या उत्तराला गुणाकारातील एका संख्येने भागावे (शून्याने तेवढे भागायचे नाही). दुसरी संख्या मिळाली आणि बाकी उरली नाही, की ताळा जमला. समजा, 48 गुणिले 7 करताना मूल हातचे 5 मिळवायला विसरले आणि 286 लिहून मोकळे झाले. त्याला 7 ने भागायला लावा. भागाकार 40 येतो, बाकी 6 उरते. मग 48 गेले कुठे? मूल आपण होऊन मागे जाते आणि हरवलेला हातचा शोधून काढते. तुम्ही-आम्ही दाखवलेली चूक ते संध्याकाळपर्यंत विसरते, स्वतः पकडलेली विसरत नाही.

येथे बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना नवाचा ताळा ठाऊक असेल. अंकांची बेरीज करायची आणि नऊ टाकीत जायचे. रीत झटपट आहे, पण त्या मुलीचे 216 तिच्यातून सहीसलामत निसटते. दुसऱ्या ओळीत 720 ऐवजी 72 मांडल्यामुळे ते उत्तर आले होते. शून्य गाळल्याने अंकांची बेरीज बदलत नाही, म्हणून नवाचा ताळा चुकीच्या उत्तरालाही जमतो! भागाकार मात्र फसत नाही. 216 भागिले 24 बरोबर 9. पाहिजे होते 36.

अर्थात भागाकारही एका ठिकाणी फसतो, हे लपवून चालणार नाही. ज्या मुलाच्या डोक्यात "सात आठे चोपन्न" असे पक्के बसले आहे, ते 48 गुणिले 7 चे उत्तर 334 काढते. ताळा करतानाही तोच चुकीचा पाढा म्हणते आणि 334 ला 7 ने भागून पुन्हा 48 आणते! अशा वेळी दुसरी वाट घ्यावी. 50 सात वेळा म्हणजे 350, त्यातून 2 सात वेळा म्हणजे 14 वजा, 336. दोन वाटांनी दोन उत्तरे आली, की पाढ्याकडे बोट जाते.

भगिनी मला विचारतात, "सर, आम्ही फार शिकलो नाही, मुलांचा अभ्यास कसा बघणार?" त्यांना गणित यायलाच पाहिजे असे नाही. "ताळा दाखव" एवढे म्हणावे. मुलाने सुरुवातीची संख्या परत आणून दाखवली की झाले. जकातीचा हिशेब करताना मुलाला शेजारी बसवा. शेकडा अडीच म्हणजे चाळिसावा भाग. 18,600 रुपयांना 40 ने भागले की 465 येतात. मग 465 ला 40 ने गुणायला सांगा, 18,600 परत आले पाहिजेत. येथे भागाकाराचा ताळा गुणाकार करतो. हीच गोष्ट वर्गात समजावताना माझा सबंध तास जातो.

आणखी एक विनंती. इ. स. 952 च्या सुमारास दमास्कस येथे अल-उक्लिदिसी या गणितज्ञाने हिंदी अंकगणितावर ग्रंथ लिहिला. तेव्हा धूळ पसरलेल्या पाटीवर हिशेब करीत आणि मागचे आकडे पुसत पुढे जात. त्याने तेच हिशेब शाईने कागदावर, काही न पुसता करण्याच्या रीती दिल्या. मागचे आकडे शिल्लक राहिले तरच चूक कुठे झाली ते सापडते. आपण मात्र वही स्वच्छ दिसावी म्हणून मुलांच्या हाती खोडरबर देतो! माझ्या वर्गात चुकलेल्या गुणाकारावर एक रेघ मारतात आणि शेजारी ताळा करतात. वह्या दिसायला चांगल्या नाहीत, हे मान्य. आज घरी गेल्यावर त्या पाहाल तेव्हा मुलांना रागावू नका, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.