नांदूरमधमेश्वर: गोदेचं पाणथळ

नाशिकला समुद्र नाही, पण समुद्राकडे निघालेली गोदावरी आहे. निफाड तालुक्यात जिथे तिला कादवा नदी भेटते, तिथे नांदूरमधमेश्वर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतीच्या पाण्यासाठी इथे दगडी बंधारा बांधला. मागे गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरलं, पाणवनस्पती रुजल्या आणि थंडीत दूरदेशीचे पक्षी उतरू लागले. १९८६ साली अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, म्हणून त्याचं नाव जाहीर झालं.

गंमत अशी, की ज्या गाळानं हे पाणथळ घडवलं तोच आता ते बुजवू पाहतोय. त्यात नाशिक शहराचं सांडपाणी नदीतून खाली येतं. जलपर्णीला ते आयतं खतच! तिचा गालिचा पसरला की खाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. मग खंड्यानं, बगळ्यानं खायचं काय? शेतातली औषधं पावसाबरोबर उतरतात ती वेगळीच.

नाशिकजवळच्या देवळालीचं नाव लावणारा एक चिमुकला मासा इथल्या अतिसंकटग्रस्त जीवांमध्ये आहे. दुर्बिणीत तो दिसत नाही, म्हणून त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलतही नाही.

जलपर्णी फुलण्याआधी मुळासकट काढून काठापासून लांब न्यावी लागते. पण सांडपाणी शुद्ध झाल्याशिवाय हे काम दरवर्षीचंच. अभयारण्यातल्या चापडगावला पक्षी पाहायला जरूर जा. आणि नाशिकला गोदेच्या रामकुंडावर आलात, तर हातातलं निर्माल्य नदीत नको, तेवढं निर्माल्यकलशात टाका.