लहान दुकानदार व त्याचें संकेतस्थळ

आजच्या भाषणाचा विषय एका शाळामास्तराकडे कां सोंपविला, असा प्रश्न आपल्या मनांत आला असेल. मीं स्वतः कधीं दुकान चालविलें नाहीं. परंतु ज्यांना शिकविलें त्यांपैकीं पुष्कळ जण दुकानदार झाले. आणि सेवानिवृत्त शिक्षकाला वेळ असतो व शुद्ध लिहितां येतें, या दोन समजुतींमुळें त्यांच्या संकेतस्थळांचा मजकूर तपासण्याचें काम गेलीं कांहीं वर्षें माझ्याकडे आपोआप येत गेलें आहे. त्या कामांत जें पाहावयास मिळालें तेंच आज सांगणार आहें.

भारतांत सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्यानंतर बरींच वर्षें संकेतस्थळ, म्हणजे बोलण्यांत आपण ज्याला वेबसाईट म्हणतों तें, मोठ्या कंपन्यांचें लेणें समजलें जाई. मोबाईल घरोघर झाल्यावर ती स्थिति पालटली. आज ग्राहक दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं एकदां मोबाईलवर दुकान पाहून घेतो. आणि यांतली गोम अशी कीं, ही त्याची पहिली फेरी दुकानदाराला दिसत नाहीं. पायरीवरून परत फिरलेला ग्राहक गल्ल्यावर बसलेल्याला दिसतो, काय हवें होतें म्हणून त्याला हांक मारून विचारतां येतें. मोबाईलवरून परत फिरलेल्याचा मागमूसही लागत नाहीं.

माझा एक विद्यार्थी पुण्याच्या एका पेठेंत आईबरोबर भाजणी, मेतकूट, गोडा मसाला असले पदार्थ करून विकतो. दुकान एका वाड्याच्या पुढच्या दोन खणांत होतें. वाडा पाडून तेथें इमारत उभी करण्याचें ठरलें, आणि श्रावणाच्या सुमारास दुकान नदीपलीकडे हलवावें लागलें. चकलीच्या भाजणीचा बहुतेक खप दिवाळीच्या आधींच्या तीन आठवड्यांत होतो. त्या घराचा वर्षाचा जमाखर्च त्यावर तोललेला. जुन्या जागेला पत्रे ठोकलेले, त्यामुळें तेथें नव्या पत्त्याची पाटीही लावतां येईना. संकेतस्थळ मात्र होतें. त्यावर नवा पत्ता घालावा म्हणून ज्या गृहस्थानें तें करून दिलें होतें त्याला फोन केला, तर फोन बंद. मग उलगडा झाला कीं, संकेतस्थळाचें नांव त्या गृहस्थानें स्वतःच्याच नांवावर नोंदविलें होतें आणि परवलीचा शब्दही त्याच्याचपाशीं होता. वर्षाची फी भरली न गेल्यामुळें भाद्रपदांत तें नांव बंद पडलें, आणि पिशव्यांवर, पावत्यांवर व पुड्यांवर छापलेला पत्ता निरर्थक झाला.

हा प्रकार अपवादात्मक असता तर मीं तो येथें सांगितला नसता. पुतण्याच्या मित्रानें, छापखानेवाल्यानें, किंवा दारावर आलेल्या एखाद्या हुशार तरुणानें संकेतस्थळ करून द्यावें आणि मालकानें त्याच्या किल्ल्या कोणापाशीं आहेत हें कधीं विचारूं नये, ही आपल्याकडील सर्रास रीत आहे. जो मनुष्य गाळ्याचा करारनामा वकिलाकडून दोनदां वाचून घेतो, तोच या बाबतींत असा उदार कां होतो हें मला कळलेलें नाहीं.

संकेतस्थळाचें नांव, ज्याला डोमेन म्हणतात, तें कायमचें विकत मिळत नाहीं; तें मुदतीनें नोंदवितां येतें, व मुदत संपण्यापूर्वीं पुन्हां फी भरावी लागते. ‘.इन’ हें शेपूट असलेल्या भारतीय नांवांची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते, आणि नोंदणी तिनें मान्य केलेल्या विक्रेत्यांमार्फत होते. साध्या नांवाचा वार्षिक खर्च सामान्यतः हजार रुपयांच्या आंतबाहेर असतो. दुकानाची पाटी नव्यानें रंगविण्यासही याहून अधिक पैसे पडतात. नोंदणी मालकाच्या स्वतःच्या नांवावर, त्याच्याच ईमेलवर व त्याच्याच मोबाईलवर असावी. मुदत संपण्याची तारीख दुकानांतल्या दिनदर्शिकेवर लाल शाईनें लिहावी. २०१४ पासून ‘.भारत’ असें देवनागरी शेपूट असलेलें नांवही नोंदवितां येतें. मी मराठीचा अभिमानी आहें, आणि ज्याला परवडेल त्यानें तें अवश्य घ्यावें. परंतु फोनवर सांगतां येईल व ऐकणाऱ्याला एका दमांत लिहून घेतां येईल असें आंखूड रोमन नांव आधीं घ्यावें, हा माझा सल्ला आहे.

“मग फुकटच्या जागा आहेत त्यांचें काय?” असें कोणी विचारील. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप यांचा उपयोग जरूर करावा. पण त्या जागा जत्रेंतील पालासारख्या आहेत. गर्दी तेथें असते हें खरें, पण जमीन देवस्थानाची असते. ऑर्कुट २०१४ सालीं बंद झालें. टिकटॉकवर भारत सरकारनें जून २०२० मध्यें बंदी घातली, तेव्हां त्यावरच आपला धंदा उभा करणाऱ्यांचे सारे प्रेक्षक एका रात्रींत नाहींसे झाले. खुद्द गूगलनें लहान दुकानदारांना दिलेलीं मोफत संकेतस्थळें मार्च २०२४ मध्यें बंद केलीं. यांत कोणाची लबाडी आहे असें मी म्हणत नाहीं. पाहुण्याला पाल आवरावयास सांगण्याचा यजमानाला अधिकार असतो, इतकेंच. म्हणून पालावर येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या पक्क्या दुकानाचा पत्ता देत जावें.

त्या मायलेकरांनीं आईच्या नांवावर नवें नांव नोंदविलें, आणि मग मजकूर माझ्यापुढें आला. त्यांत लिहिलें होतें : “विश्वासार्ह, दर्जेदार व पारंपरिक चवीचीं उत्पादनें.” श्रोतेहो, या वाक्यावरून तेथें लोणचें मिळतें कीं पैठणी, हें सुद्धां कळत नाहीं. (पैठणीला चव नसते एवढाच काय तो फरक!) ग्राहक गूगलवर “विश्वासार्ह” हा शब्द कधींच शोधीत नाहीं. तो शोधतो “चकलीची भाजणी”. आणि बहुधा तेही रोमन अक्षरांत. तेव्हां पानावर तेच शब्द, देवनागरींत व एकदां रोमनमध्येंही, साधेपणानें यावयास हवेत. भाजणींत कोणतीं धान्यें आहेत, पुडा किती वजनाचा, किंमत काय व ती कोणत्या तारखेची, भाजणी किती दिवस टिकते, उपासाला चालते कीं नाहीं, टपालानें कोठें पाठवितां, पोंचावयास किती दिवस लागतात, हें सर्व लिहावें. फोनवर ग्राहक जे प्रश्न वारंवार विचारतात त्यांची आठ दिवस वहींत नोंद करावी. संकेतस्थळाचा अर्धा मजकूर त्या वहींत तयार सांपडतो. आमच्या बाबतींत एक प्रश्न असा निघाला कीं, चकलीच्या भाजणींत मीठ-तिखट घातलेलें असतें काय. आईंना तो प्रश्न इतका परिचयाचा होता कीं, तो लिहावयाचा असतो हेंच त्यांच्या ध्यानांत आलें नव्हतें.

येथें मराठीपुरत्या दोन गोष्टी सांगतों. पहिली अशी कीं, आपल्याकडे दरपत्रक चित्रांत लिहिण्याची फार हौस आहे. फुलाफुलांची चौकट, तींत रंगीत अक्षरें, आणि तें चित्र संकेतस्थळावर चिकटविलेलें. माणसाला तें वाचतां येतें. पण शोधयंत्राची भिस्त लिहिलेल्या मजकुरावर असते, आणि चित्रांतल्या अक्षरांवर त्याच्या कडून भरंवसा ठेवतां येत नाहीं. जी व्यक्ति डोळ्यांनीं अधू असल्यामुळें मोबाईलकडून पान वाचवून घेते, तिलाही तें चित्र मुकेंच राहतें. दुसरी गोष्ट जुन्या टंकांची. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या टंकांत लिहिलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसला तरी आंतून तीं रोमन अक्षरेंच असतात. टंक काढून घेतला कीं निरर्थक अक्षरांची रांग उरते. छापखान्यांतून आलेलें जुनें माहितीपत्रक तसेंच उचलून संकेतस्थळावर टाकल्यास हा घोटाळा होतो. मजकूर युनिकोडमध्यें हवा. मोबाईलवर आपण जें मराठी लिहितों तें युनिकोडच असतें, त्यामुळें यासाठीं वेगळी विद्या शिकावी लागत नाहीं.

छायाचित्रें दिवसा उजेडीं, खिडकीजवळ काढावीं. विजेच्या दिव्याखालीं मेतकूट मातीसारखें दिसतें. मोबाईलनें काढलेलें चित्र पुष्कळदां तीनचार एमबीचें असतें. तें लहान करून एकदोनशें केबीवर आणावें. अशीं दहा चित्रें न आटोपतां चढविलीं तर, जेथें मोबाईलला धड रेंज नाहीं तेथील ग्राहक पान उघडण्याची वाट पाहत बसणार नाहीं.

आतां किर्लोस्करांचें उदाहरण आठवतें. लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते असा समज शेतकऱ्यांत असतांना त्यांनीं नांगर विकले, आणि १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ हें पत्र काढलें. तें आरंभीं कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठीं होतें. पण वाचावयास कांहीं तरी मिळतें म्हणून लोकांनीं तें घरांत ठेवलें, आणि पुढें त्याचें मोठें मासिक झालें. लहान दुकानदारानें हेंच लहान प्रमाणांत करावें. आम्हीं संकेतस्थळावर एक पान लिहिलें : चकली मऊ कां पडते आणि तेलांत कां विरते. मोहन अधिक झाल्यास चकली तेलांत विरते, कमी झाल्यास कडक होते, आंच मंद असल्यास तेल पिते, असें आईंनीं सांगितलें व मीं उतरवून घेतलें. त्या पानांत “आमचीच भाजणी घ्या” असें एकदांही म्हटलेलें नाहीं. ज्याची चकली बिघडली आहे तो संध्याकाळीं सहा वाजतां तेलाची कढई समोर ठेवून हें शोधत असतो, आणि पुढच्या खेपेस भाजणी कोठून घ्यावी हें तो तेव्हांच ठरवितो.

नकाशाविषयीं थोडक्यांत सांगतों. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद विनामूल्य करतां येते. पत्ता, फोन, वेळा व साप्ताहिक सुटी तेथें नेमकी द्यावी. आणि पत्ता संकेतस्थळावर, नकाशावर व पावतीवर एकाच पद्धतीनें लिहावा. पुण्याचीं दुकानें दुपारीं बंद असतात म्हणून आपली थट्टा होते. बंद ठेवण्यास माझी हरकत नाहीं. उन्हांतून आलेल्या मनुष्याला तें आधीं कळावें एवढीच माझी मागणी आहे. नदीपलीकडे गेल्यावर माझ्या विद्यार्थ्यानें सर्वांत आधीं हीच नोंद बदलली, आणि पहिल्या आठवड्यांत जुने ग्राहक आले ते नकाशावरूनच.

ग्राहकांचे अभिप्राय हा नाजूक विषय आहे. निंदेला उत्तर द्यावें, तें दोन दिवसांच्या आंत द्यावें, आणि तें निंदकासाठीं नसून पुढें वाचणाऱ्या शंभर जणांसाठीं आहे हें लक्षांत ठेवावें. भाच्यापुतण्यांकडून स्तुति लिहवून घेऊं नये. अशा अभिप्रायांविषयीं भारतीय मानक ब्यूरोनें २०२२ सालीं १९००० क्रमांकाचें मानक प्रसिद्ध केलें आहे. तसेंच “फक्त दोनच पुडे शिल्लक” अशी खोटी घाई लावणें, न मागितलेला माल हळूच टोपलींत घालणें, असल्या क्लृप्त्या केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनीं निषिद्ध ठरविल्या आहेत. जो नियमित धंदा म्हणून संकेतस्थळावरून माल विकतो त्यानें २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांप्रमाणें आपलें नांव, पत्ता, व तक्रार कोणाकडे करावी हें स्पष्ट दिलें पाहिजे. तक्रारीची पोंच ४८ तासांत व निकाल महिन्याच्या आंत दिला पाहिजे. खाद्यपदार्थांच्या पुड्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक असतो. तो संकेतस्थळावरही द्यावा.

आतां जाहिरात. “गूगलवर पहिला क्रमांक, खात्रीनें” असें सांगून पैसे मागणारे फोन प्रत्येक दुकानदाराला येतात. अशी खात्री कोणालाही देतां येत नाहीं, असें गूगलनेंच जाहीर सांगितलेलें आहे. तेव्हां तो फोन तेथेंच ठेवावा. पैसे देऊन जाहिरात करणें गैर नाहीं, पण पांचशें रुपयांची करून पाहावी, आपण जेथवर माल पोंचवूं शकतों तेवढ्याच भागांत दाखवावी, आणि फळ मोजावें. मोजण्याची आमची रीत शाळेच्या हजेरीपटासारखी होती. येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आई विचारीत, “आमचें नांव कोठें कळलें?” आणि वहींत एक खूण करीत. दिवाळीच्या आदल्या आठवड्यांत ती वही पाहिली, तर जाहिरातीपुढच्या खुणा थोड्या, चकलीच्या पानापुढच्या अधिक, आणि “जुन्या शेजाऱ्यांनीं सांगितलें” यापुढच्या सर्वांत अधिक होत्या. माझ्या विद्यार्थ्यानें जाहिरात थांबविली व ते पैसे जुन्या शेजाऱ्यांना घरपोंच माल देण्यावर खर्च केले. त्या वर्षीं भाजणी नरकचतुर्दशीच्या आधींच संपली.

महिन्याच्या पहिल्या तारखेस एक गोष्ट करावी. दुकानाशीं ज्याचा संबंध नाहीं अशा एखाद्याच्या हातीं त्याचाच मोबाईल देऊन म्हणावें, “माझ्या दुकानांतून अर्धा किलो भाजणी मागवून दाखव.” आपण शेजारीं गप्प बसावें, तो कोठें अडतो तें पाहावें, आणि त्याच संध्याकाळीं तें दुरुस्त करावें.