सहा महिने कंपनीत, विद्यावेतन चालू



परिषदेच्या अध्यक्षपदासाठी आपण माझं नाव सुचवलंत, त्याबद्दल आभार. औपचारिक भाग इथेच संपवतो, कारण मला आज एकाच विषयावर बोलायचं आहे आणि तो पैशाचा आहे. आरोग्य-तंत्रज्ञानात पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना मधल्या टप्प्यावर सहा महिने वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत पाठवावं, असं आपण सगळेच म्हणतो. प्रत्येक परिषदेत म्हणतो. त्या सहा महिन्यांचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न निघाला की नेमकी चहाची वेळ होते.

आधी एका उपकरणाची हकिगत सांगतो. कोविडच्या काळात आपल्या घराघरांत ऑक्सिमीटर आला. बोटाला चिमटा लावायचा आणि आकडा ओरडून पलीकडच्या खोलीत सांगायचा, हे आपण सगळ्यांनी केलेलं आहे. या चिमट्याचं मूळ जपानमधल्या निहोन कोहडेन या कंपनीत आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ताकुओ आओयागी हे अभियंते तिथे काम करत होते. हृदयातून मिनिटाला किती रक्त बाहेर पडतं, हे त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी शिरेतून रंगद्रव्य सोडायचं आणि कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून ते कसं उतरत जातं ते पाहायचं. पण नाडीच्या प्रत्येक ठोक्याला आलेख थरथरायचा आणि मोजमाप बिघडायचं. ती थरथर घालवायला त्यांनी दोन तरंगलांबींचा प्रकाश वापरला. थरथर गेली, पण रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की ती पुन्हा डोकं वर काढू लागली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण जिला अडथळा समजतो आहोत ती थरथरच धमनीतल्या ऑक्सिजनचं प्रमाण सांगते आहे. १९७४ मध्ये त्यांनी हे मांडलं. कंपनीने काढलेलं कानाचं यंत्र फारसं खपलं नाही. बोटाचा चिमटा शस्त्रक्रियागृहात रुळला तो ऐंशीच्या दशकात, बायॉक्स आणि नेलकॉर या अमेरिकी कंपन्यांमुळे. आओयागींना टोकियो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली १९९३ मध्ये. एप्रिल २०२० मध्ये ते वारले. त्या वेळी जगभर त्यांच्या चिमट्यासाठी धावाधाव चालू होती.

हा क्रम पाहा. माणूस कंपनीत, शोध कंपनीच्या कामातून, पदवी जवळपास वीस वर्षांनी. आपल्याकडे पदवी आधी मिळते आणि कंपनीचं दार पुष्कळदा शेवटपर्यंत पाहिलेलंच नसतं. आमचा विद्यार्थी पाच वर्षांत एक नमुना-यंत्र तयार करतो, त्यावर दोन-तीन चांगले शोधनिबंध लिहितो, तोंडी परीक्षेत टाळ्या घेतो. ते यंत्र मग प्रयोगशाळेच्या कपाटात जातं. आपल्या देशात वापरात असलेल्या वैद्यकीय उपकरणांपैकी सत्तर-ऐंशी टक्के आयात होतात, असं सर्रास सांगितलं जातं. या आकड्याला कपाटं एकटी जबाबदार नाहीत, हे मान्य. पण त्यांचा वाटा आहे.

कपाटातून बाहेर यायला काय लागतं, ते आम्ही प्राध्यापक शिकवत नाही, कारण आमच्यातल्या बहुतेकांनी ते केलेलं नाही. साधं उदाहरण घ्या. जखमेवर चिकटवायचा एखादा संवेदक आहे आणि त्याच्या पाकिटावर 'एक वर्ष टिकतो' असं छापायचं आहे. ते कशावरून? वर्षभर थांबता येत नाही, म्हणून पाकिटं ५५ अंश तापमानाच्या कपाटात ठेवतात. दर दहा अंशांना जुनं होण्याचा वेग दुप्पट होतो असं गृहीत धरलं आणि साठवण २५ अंशांवर धरली, तर वेग आठपट होतो आणि वर्षाचं काम साधारण ४६ दिवसांत उरकतं. शेजारी खरोखरीच्या तापमानातही पाकिटं ठेवावीच लागतात, कारण वरचं सगळं शेवटी गृहीतक आहे. आता या ४६ दिवसांच्या मध्यावर खरेदी विभागाने चिकट पदार्थाचा पुरवठादार बदलला तर? त्वचेला अपाय होतो का, या चाचण्यांचा फेरविचार करायचा, जोखमीची नोंदवही उघडायची, कोणी बदल मंजूर केला त्याची तारखेसह सही घ्यायची. हे कोणत्याही शोधनिबंधात येत नाही. पण रुग्णाच्या अंगाला लागणारी वस्तू आणि प्रदर्शनात मांडायची वस्तू यांतला फरक एवढाच आहे.

नियमही आता कडक झाले आहेत, आणि ते बरंच झालं. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली. कमी जोखमीच्या 'अ' आणि 'ब' वर्गांना ऑक्टोबर २०२२ पासून आणि जास्त जोखमीच्या 'क' आणि 'ड' वर्गांना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. आपल्या राज्यात पहिल्या दोन वर्गांच्या उत्पादनाचा परवाना अन्न व औषध प्रशासन देतं, पुढच्या दोन वर्गांसाठी दिल्लीला जावं लागतं. आपलं यंत्र कोणत्या वर्गात बसतं, हा प्रश्न पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी विचारायचा असतो. मी तोंडी परीक्षांना जातो तेव्हा तो हटकून विचारतो, आणि उमेदवाराआधी मार्गदर्शकाचा चेहरा बघतो.

हे देशात जमलेलंच नाही, असं नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने हृदयाची कृत्रिम झडप बनवली. आधीच्या तीन रचना फसल्या. नीलमाची तबकडी तुटली, तेव्हा तो पदार्थच सोडून द्यावा लागला. चौथ्या रचनेत प्लॅस्टिकची तबकडी आली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती झडप पहिल्यांदा माणसात बसवली गेली. उत्पादन टीटीके या उद्योगसमूहाने हाती घेतलं आणि पुढे एक लाखाहून अधिक रुग्णांना ती मिळाली. तिथे रुग्णालय, प्रयोगशाळा आणि कारखाना एकमेकांच्या हाताशी होते. महाराष्ट्रात २०१४ पासून आयआयटी मुंबईतलं 'बेटिक' हे केंद्र, नागपूरच्या व्हीएनआयटी आणि पुण्याच्या सीओईपीसह, डॉक्टर आणि अभियंते यांना एका टेबलाशी बसवतं आहे. राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने त्याला पैसे दिले. त्या वातावरणातून निघालेला डिजिटल स्टेथोस्कोप आज बाजारात आहे. म्हणजे पैसे दिले की होतं. मग राहिलं काय? राहिला तो नांदेडचा, जळगावचा, अमरावतीचा विद्यार्थी. त्याच्या विद्यापीठाच्या आसपास असा कारखाना नाही आणि असं केंद्रही नाही.

आता खर्चाकडे येतो. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन फेलोला महिना ३७,००० रुपये आणि वरिष्ठाला ४२,००० रुपये मिळतात. हे भाग्यवंत. विद्यापीठाच्या तुटपुंज्या शिष्यवृत्तीवर किंवा काहीच नसताना पीएच.डी. करणारे इथे बसलेले आहेत, त्यांना हात वर करायला सांगून मी संकोचात टाकणार नाही. समजा, यांतल्या एकीला पुण्यात सहा महिन्यांची संधी आली. वसतिगृहाची खोली सोडली तर परत मिळण्याची खात्री नाही, म्हणून तिचं भाडं चालू. पुण्यात खोली, तिची अनामत, खानावळ, हिंजवडी नाहीतर चाकणपर्यंतचा रोजचा प्रवास. वर तिच्या विभागाचा लिपिक सांगणार, की तुम्ही केंद्रावर हजर नाही तर हजेरीपत्रक पुढे पाठवता येत नाही. म्हणजे विद्यावेतन बंद. कंपनी देणार 'अनुभवाचं प्रमाणपत्र'. अशा संधीचा फायदा कोण घेऊ शकतं? ज्याची आत्या कोथरूडला राहते तो. गुणवत्तेची ही नवीनच कसोटी आपण निर्माण करून ठेवली आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी अशी, की पैसा विद्यार्थ्याच्या नावावर असावा. विद्यावेतन अखंड चालू राहावं आणि त्याच्यावर राहण्या-जाण्याचा वेगळा भत्ता मिळावा. हा भत्ता सरकारी निधीतून यावा. मोठ्या कंपनीने त्यात आपला वाटा टाकावा, पण तो सामायिक निधीत टाकावा, विद्यार्थ्याच्या हातात नव्हे. दहा-पंधरा माणसांच्या लहान कंपनीकडून पैसे मागूच नयेत. तिच्याकडून आठवड्याला ठरावीक तास एका अनुभवी अभियंत्याचा वेळ मागावा, आणि तो नोंदवहीवर दिसावा.

कंपनीने थेट पैसे दिले तर बिघडलं कुठे, असं उद्योगातले मित्र विचारतील. पुन्हा ऑक्सिमीटरकडे या. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की रक्तातला ऑक्सिजन खरोखर घसरलेला असताना चिमट्याने समाधानकारक आकडा दाखवण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट आहे. त्वचेच्या रंगाचा परिणाम होतो, ही कुणकुण तज्ज्ञांना आधीपासून होती. तरी चिमटे खपत राहिले, बिनबोभाट. आपल्या त्वचेच्या रंगाकडे पाहता हा आपला प्रश्न आहे, परका नाही. असा प्रश्न कंपनीच्या पगारावरचा माणूस विचारू शकतो का? आओयागींसारखा एखादा विचारील. पण सत्तावीस वर्षांची मुलगी, जिचं पुढच्या महिन्याचं घरभाडं त्याच कंपनीच्या सहीवर अवलंबून आहे, तिच्याकडून ही अपेक्षा मी करणार नाही. तिने कंपनीत नम्रपणे शिकावं आणि निर्धास्तपणे विचारावं, यासाठी मधे तिसऱ्याचा पैसा हवा.

बाहेरच्या देशांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या आहेत. फ्रान्समध्ये १९८१ पासून 'सिफ्र' नावाची योजना आहे. तिथे कंपनी संशोधक विद्यार्थ्याला नोकरीवर ठेवते आणि सरकार कंपनीला अनुदान देतं. आपल्याकडेही दशकभरापूर्वी पंतप्रधानांच्या नावाची एक डॉक्टरल फेलोशिप आली, निम्मा पैसा सरकारचा आणि निम्मा भागीदार कंपनीचा. दोन्ही योजना चांगल्या, पण त्यांत सबंध प्रबंधच कंपनीशी बांधलेला असतो. मला अधिक पसंत आहे ती ब्रिटनमधली जीवशास्त्र संशोधन परिषदेची पद्धत. तिथे पीएच.डी.च्या काळात तीन महिने बाहेर काम करायचं, आणि ते काम प्रबंधाच्या विषयाशी थेट संबंधित नसावं अशी अटच आहे. प्रबंधाला कंपनीचा धक्का नाही आणि कंपनीच्या गुपितांना प्रबंधाचा नाही. आपण तीनऐवजी सहा महिने घ्यावेत, कारण वर सांगितलेलं पाकिटांचं एक आवर्तन आधीच्या तयारीसकट आणि नंतरच्या कागदांसकट तीन महिन्यांत पुरतं दिसत नाही.

दुसरी मागणी मुदतीची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षं आहेत. शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती त्या नियमांनी काढली, हे ठीक झालं. त्याच नियमांत विद्यार्थ्याला अध्यापनाचं प्रशिक्षण आहे, आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन-साहाय्याचं काम देण्याची सोय आहे. म्हणजे प्रत्येक डॉक्टर शिक्षक होणार, हे आपण गृहीत धरलं आहे. आरोग्य-तंत्रज्ञानातली मुलं सगळीच शिक्षक होत नाहीत, आणि तेवढ्या जागाही कुठे भरल्या जात आहेत? कंपनीतले सहा महिने कमाल मुदतीत मोजू नयेत, एवढी दुरुस्ती अभ्यासक्रमाच्या श्रेयांकांसकट करता येईल.

मार्गदर्शकांची तक्रार मला पाठ आहे. मुलगा ऐन भरात असताना सहा महिने जातो, तिकडेच नोकरी धरतो, परत येत नाही. काही जात राहतील. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. पण हीसुद्धा भीती पैशाने कमी होते. विद्यावेतन विद्यापीठाकडून चालू असेल तर परतीचं दार उघडं राहतं. ते बंद करून वर 'तो परत आला नाही' म्हणणं मला पटत नाही. दुसरी तक्रार हक्कांची, म्हणजे पेटंट कुणाचं आणि छापायचं काय. त्यावर उपाय एकच: जाण्याआधी दोन पानांचा करार. आधीपासून विद्यार्थ्याकडे असलेलं त्याचंच, कंपनीत नव्याने झालेलं कंपनीचं, नाव मात्र त्याचंही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने रुग्णांना कळायला हवं ते दाबून ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. हे शेवटचं वाक्य गाळायला सांगणाऱ्या कंपनीत विद्यार्थी पाठवू नये.

उद्योगातल्या मित्रांना एकच सांगणं. आलेल्या मुलाला सहा महिने एक्सेलच्या तक्त्यात आकडे भरायला बसवू नका. त्याला तक्रारींची फाइल दाखवा. रुग्णालयातून परत आलेली यंत्रं उघडायला द्या. आपलं यंत्र तालुक्याच्या दवाखान्यात विजेच्या चढउताराने, धुळीने आणि घाईने कसं मोडतं, हे त्याने पाहिलं तर पुढचं यंत्र तो वेगळं बनवील.

आज सायंकाळच्या खुल्या सत्रात या आशयाचा ठराव येणार आहे: सहा महिने, अखंड विद्यावेतन, वेगळा भत्ता, मुदतीतून सूट. त्याची प्रत राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाला आणि सर्व कुलगुरूंना जाईल. विरोध असेल त्यांनी तो उभं राहून मांडावा, चहाच्या टेबलावर नव्हे. आणि ज्यांचा पाठिंबा आहे, त्या मार्गदर्शकांनी सरकारी उत्तराची वाट न पाहता येत्या सत्रात आपला निदान एक विद्यार्थी विद्यावेतन चालू ठेवून पाठवावा, आणि पुढच्या वर्षी त्यालाच इथे बोलायला उभं करावं, अशी माझी विनंती आहे.