पलीकडे कोण ऐकणार?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



"ऑस्ट्रेलियाच्या प्रवासाचे काहीतरी सांगा" असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात कांगारू आणि सिडनीचे नाट्यगृह असावे. ती दोन्ही मी पाहिली. पण त्यांचे वर्णन करणाऱ्या आपल्या मंडळात आता निदान दहा जणी आहेत. मी आज बोलणार आहे ते यंत्रांविषयी. यंत्रातले मला कळते असा माझा दावा नाही. घरचा मिक्सर बिघडला तर मी शेजारच्या मुलाला हाक मारते. परंतु निर्जन मुलुखात जाताना सोबत कोणते यंत्र न्यावे, हा प्रश्न माझ्या घरात एका रात्रीपुरता काळजाला हात घालून गेला, आणि त्यात माझीही चूक होती. म्हणून बोलते.

माझी धाकटी मुलगी ॲडलेडला असते. २०२३ च्या जुलैत ती आणि जावई ऊडनाडाटा ट्रॅक नावाच्या रस्त्याने जायला निघाले. जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा. शहाणी माणसे तिकडे हिवाळ्यातच जातात, कारण त्याच ऊडनाडाटा गावी १९६० च्या जानेवारीत ५०.७ अंश तापमान नोंदले गेले आहे. हा रस्ता मातीचा, सुमारे ६२० किलोमीटर लांबीचा. पुण्याहून नागपूरला निघावे आणि वाटेत दोनच वस्त्या लागाव्यात, त्यांतल्या एकीत तर माणसे बोटांवर मोजण्याइतकी, असा तो प्रकार. रस्ता सुरू होतो त्या गावाचे नाव मरी. नाव ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. पण जावई म्हणाले, "आई, तिकडे त्याचा अर्थ तसा नाही."

पाच वर्षांच्या नातवाला घेऊन मी घरी राहिले. फ्रिजवर त्यांनी एक कागद लावला होता. मोटारीचा नंबर, कोणत्या दिवशी कोठे मुक्काम, रोज रात्री आठ वाजता उपग्रहामार्फत संदेश येईल, न आल्यास दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत वाट पाहावी, मग पोलिसांना फोन करावा, असे सारे मराठीत लिहिलेले. संदेश पाठवायचे यंत्र तळहाताएवढे होते.

दोन रात्री संदेश आला. तिसऱ्या रात्री आला नाही.

साडेनऊ वाजता मुलाला झोपवून मी ओटा आवरायला गेले, आणि मिक्सरच्या मागे मला एक काळी वायर दिसली. त्या यंत्राची. फोनच्या वायरीहून तिचे टोक निराळे होते. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्यासाठी दाण्याची चटणी करायला मीच ती भिंतीतून काढून मिक्सर लावला होता, आणि ती तेथेच राहिली. भगिनींनो, ती रात्र मी त्या वायरीकडे पाहत काढली. यंत्राची बॅटरी संपली असेल इतकेच, असे एक मन म्हणे. दुसरे मन काय काय म्हणे ते आपणां साऱ्याजणींना ठाऊक आहे. १९६३ च्या डिसेंबरात याच भागातल्या बर्डस्व्हिलच्या वाटेवर एक अख्खे कुटुंब, आईबाप आणि तीन मुलगे, पेट्रोल संपल्यामुळे तहानेने मेले, ही हकिकत मी नेमकी त्याच आठवड्यात वाचली होती.

सकाळी साडेदहाला फोन वाजला. एका अनोळखी, वयस्क बाईंचा आवाज. त्यांचे इंग्रजी मला पहिल्या वेळी समजलेच नाही. तिसऱ्या वेळी समजले ते असे की, तुमची मुलगी बरी आहे, दोन टायर फुटले आहेत, पाणी भरपूर आहे, आणि ती म्हणते आईला सांगा काळजी करू नको. त्या बाई नवऱ्याबरोबर मागून येत होत्या. यांनी मोटारीतल्या रेडिओवर पहाटेपासून हाका घातल्या होत्या, त्या त्यांनी ऐकल्या आणि ऊडनाडाटाला पोचताच तेथून फोन केला. मी त्यांना धड धन्यवादही देऊ शकले नाही, नुसती रडले.

२०२५ च्या हिवाळ्यात पुन्हा बेत ठरला तेव्हा मी म्हटले, या खेपेस मीही येते, आणि यंत्रांची निवड माझ्यासमोर होईल. जेवणाच्या टेबलावर सारी यंत्रे मांडली गेली. जावई एकेकाचे गुण सांगू लागले, किंमत, वजन, बॅटरी. मी एकच प्रश्न लावून धरला. हे बोलले तर पलीकडे कोण ऐकणार?

पहिला जीपीएस. त्याचे बोलणे कोणीच ऐकत नाही! आजवर मी समजत होते की जीपीएस असले म्हणजे आपण कोठे आहोत ते जगाला कळते. तसे नव्हे. उपग्रह बोलतात आणि ते ऐकते. आपण कोठे आहोत हे ते आपल्यालाच सांगते. मोबाइलमधला जीपीएस रेंज नसतानाही चालतो, पण नकाशा आधी घरीच उतरवून घ्यावा लागतो. नाहीतर कोऱ्या पडद्यावर एक निळा ठिपका तेवढा दिसत राहतो. आणि नकाशावरही आंधळा विश्वास ठेवू नये. २०१२ च्या डिसेंबरात ॲपल कंपनीच्या नकाशात मिल्डुरा हे शहर असायला हवे तेथून सुमारे सत्तर किलोमीटर दूर, एका निर्जन राष्ट्रीय उद्यानात दाखविले होते. लोक त्याप्रमाणे गेले आणि अडकले. पोलिसांना जाहीर इशारा द्यावा लागला. म्हणून कागदी नकाशा घ्यायचा असे माझे मत पडले. जावयांनीही तो आधीच घेतला होता. रस्ता पावसाने बंद झाला आहे की नाही हे मात्र दोन्ही नकाशे सांगत नाहीत. ते निघण्यापूर्वी आणि प्रत्येक गावी विचारूनच घ्यावे लागते.

दुसरा मोटारीतला यूएचएफ रेडिओ, ज्याने आमची लाज राखली. त्याला ८० चॅनेल, शक्ती पाच वॅट. सपाट माळावर पाचदहा किलोमीटर, उंचावरून अधिक. ट्रकवाले ४० नंबरवर बोलतात. ५ आणि ३५ हे संकटासाठी राखलेले. बोलायला पैसे पडत नाहीत. पलीकडे ऐकतो तो वाटसरू. पण जवळपास वाटसरू असला तर! आमची माणसे रात्रभर बोलत राहिली ती आकाशाशीच.

तिसरा एचएफ रेडिओ, आणि येथे मी थोडी रेंगाळणार आहे. हा शेकडो, हजारो किलोमीटर जातो, कारण त्याच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून पुन्हा जमिनीवर येतात. त्याची कथा मोठी गोड आहे. त्या मुलुखात विमानाने डॉक्टर पाठविण्याची सेवा १९२८ मध्ये क्लॉनकरी गावाहून सुरू झाली. जॉन फ्लिन या पाद्रीची ती कल्पना. पण डॉक्टरला बोलवायचे कसे? वीज नाही, तार नाही. तेव्हा ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगरने पायाने चालवायचा रेडिओ केला. आपल्या शिवणयंत्रासारखे पाय मारायचे आणि वीज उत्पन्न करायची. १९२९ पासून ते संच दूरदूरच्या गुरांच्या वाड्यांवर पोचले. आरंभी मोर्सची कट्ट-कड लिपी शिकावी लागे. मग ट्रेगरने टंकलेखन यंत्रासारखी कळफळी केली, ती दाबली की लिपी आपोआप जाई. पुढे बोलता येऊ लागले, आणि शेकडो मैलांवर एकट्या राहणाऱ्या बायका ठरलेल्या वेळी रेडिओवर जमून गप्पा मारू लागल्या. त्या वेळेला नाव पडले 'गलाह सेशन'. गलाह हा तिकडचा गुलाबी-करडा काकाकुवा. थवाच्या थवा कलकलाट करतो. नाव पुरुषांनीच ठेवले असणार, यात मला शंका नाही. आपल्या मंडळाला आपले यजमान काय म्हणतात ते आठवा! त्याच रेडिओवरून १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला मुलांची शाळाही सुरू झाली, आणि तिची कल्पना ॲडलेड मीथ्की या शिक्षिकाबाईंची होती.

एचएफ अजूनही काहीजण नेतात. पण संच महाग, एरियल लांब, आणि तो चालविण्याची सवय लागते. जावयांनी नको म्हटले. मला वाईट वाटले, पण पटले.

राहिला उपग्रहाचा मामला. उपग्रह फोनवर सरळ बोलता येते, पण एक हजार डॉलरच्या वर किंमत आणि दरमहा भाडे. शिवाय कोणत्या कंपनीचा हेही पाहावे लागते. २०२४ च्या एप्रिलमध्ये थुराया कंपनीचा एक उपग्रह बिघडला आणि ऑस्ट्रेलियातील तिचे फोन मुके झाले. आमच्या छोट्या संदेश-यंत्रालाही वर्गणी असते. मात्र त्यातून दोन्ही बाजूंनी निरोप जातो, आणि ही त्याची मोठी सोय. अलीकडे काही मोबाइल फोनांतूनही उपग्रहामार्फत संकटाचा निरोप जातो. ऑस्ट्रेलियात आयफोनमध्ये ही सोय २०२३ च्या मे महिन्यात आली. पण फोन पडतो, फुटतो, त्याची बॅटरी नातू खेळून संपवतो. एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

शेवटी पिवळी डबी, आपत्कालीन बीकन. तीन-चारशे डॉलरला मिळते, वर्गणी नाही, बॅटरी काही वर्षे तशीच टिकते आणि चालू केल्यावर निदान चोवीस तास संकेत जातो. एरियल उभारून उघड्या आकाशाखाली ठेवायची आणि बटण दाबायचे. ४०६ मेगाहर्ट्झवरचा तो संकेत उपग्रहांमार्फत कॅनबेऱ्याच्या बचाव केंद्रात पोचतो. या आंतरराष्ट्रीय जाळ्यात आपला देशही आहे. त्याचे केंद्र बंगळूरला इस्रोकडे आहे. डबीला उत्तर मात्र देता येत नाही. "टायर फुटलाय, घाई नाही" असे तिला सांगता येत नाही. तिला एकच शब्द येतो, वाचवा.

२०२३ मध्येही ही डबी त्यांच्याजवळ होती. मी रागाने विचारले होते, मग दाबली का नाही? मुलगी म्हणाली, "आई, आम्हांला लागले नव्हते, पाणी होते, गाडीपाशी होतो. जिवावर बेतल्याशिवाय ती दाबायची नसते. आमच्यासाठी विमान आले असते आणि खरोखर मरणाऱ्या कोणाला ते मिळाले नसते तर?" यावर मला उत्तर नव्हते. तरीही खरे सांगते, ती वायर हातात घेऊन बसलेल्या आईला हा विवेक फार जड गेला.

आता गंमत पाहा. डबीची नोंदणी करावी लागते, फुकट असते, दर दोन वर्षांनी ताजी करावी लागते. संकेत आला की केंद्रातले लोक प्रथम नोंदणीत दिलेल्या नंबरावर फोन करून विचारतात, ही माणसे कोठे गेली आहेत, किती जण आहेत. मी म्हटले, तो नंबर कोणाचा आहे ते मला दाखवा. निघाला जुन्या घराच्या शेजारणीचा, जी केव्हाच ब्रिस्बेनला राहायला गेली होती! म्हणजे त्या रात्री बटण दाबले असते, तर फोन जिला यांचा बेत ठाऊक नाही अशा बाईला गेला असता. विमान आले असते यात शंका नाही. पण माझ्या फ्रिजवर सारा तपशील लावलेला आणि मला कोणी विचारले नसते. त्याच संध्याकाळी नोंदणी बदलली. नंबर घातला माझ्या विहीणबाईंचा, कारण या खेपेस नातवाजवळ त्या राहणार होत्या.

तर आम्ही नेले ते असे: यूएचएफ, संदेश-यंत्र, डबी, कागदी नकाशा, दोन जादा टायर, आणि त्या काळ्या वायरीच्या दोन प्रती. एक माझ्या पर्समध्ये.

एक सूचना मात्र आवर्जून करते. परत येताना मुलगी म्हणाली, "आई, ते छोटे यंत्र घेऊन जा, तुमच्या सह्याद्रीच्या सहलींना होईल." मी चौकशी केली म्हणून बरे. आपल्याकडे उपग्रह फोन किंवा असले यंत्र सरकारी परवानगीवाचून जवळ बाळगता येत नाही. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळांवर अशी यंत्रे सापडलेल्या परदेशी प्रवाशांना अडवून ठेवल्याच्या बातम्या आल्या होत्या. मुलांकडून परतताना आपल्या बॅगेत कोणी प्रेमाने काही घातले असेल तर पाहून घ्या.

प्रवासात सात मुक्काम झाले. रोज रात्री आठ वाजता मीच निरोप पाठवीत असे: "सर्व ठीक", आणि ठिकाण. विहीणबाईंचे उत्तर आठ वाजून दहा मिनिटांच्या आत येई. तिसऱ्या रात्री त्यांनी विचारले, जेवायला काय केले? मी लिहिले, पिठले-भात. त्यांनी विचारले, लसूण होता का? जावई म्हणाले, "आई, महिन्याचे ठरलेले संदेश संपले की पुढच्या प्रत्येकाला पैसे पडतात." मी म्हटले, पडू देत.

फ्रिजवरच्या त्या कागदाची नक्कल मी आज आणली आहे. आपल्या सहलीच्या गटातील ज्यांना पाहायची असेल त्यांनी चहाच्या वेळी मागून घ्यावी.