नक्कलयंत्रे आणि त्यांचे दुरुस्तीकार



पत्रिकेत आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. वसंतातल्या संध्याकाळी वेदान्त ऐकावा, नाटकावर चर्चा ऐकावी. कामगार संघटनेचा हा माणूस झेरॉक्सची जुनी यंत्रे घेऊन कोठे उभा राहिला? आपली शंका रास्त आहे. मात्र आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी ट्रंकेत वा फायलीत या यंत्राने काढलेला एखादा तरी कागद आहे. सातबाऱ्याचा उतारा असेल, शाळा सोडल्याचा दाखला असेल. तो कागद निघाला त्या दिवशी यंत्र चालू होते, आणि ते कोणीतरी चालू ठेवले होते. मला त्या कोणीतरीविषयी बोलावयाचे आहे.

शोध लावणाऱ्याचे नाव जगाला ठाऊक आहे. चेस्टर कार्लसन न्यूयॉर्कमधील एका कंपनीच्या पेटंट खात्यात नोकरीला होता. कागदपत्रांच्या नकला कधी पुरेशा नसत. हाताने उतराव्यात तर दृष्टी अधू आणि सांधे दुखणारे. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अ‍ॅस्टोरिया भागातील एका खोलीत, ऑस्ट्रियाहून आलेल्या ऑटो कॉर्नाय या सहकाऱ्यासह, त्याने गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासला. काचेच्या पट्टीवर तारीख व स्थळ लिहून ती त्यावर ठेवली, वरून उजेड पाडला, भुकटी शिंपडली आणि मेणकागद दाबला. अक्षरे कागदावर आली. पुढे अनेक मोठ्या कंपन्यांनी त्याला परत पाठविले. शेवटी रॉचेस्टर गावच्या हॅलॉइड नावाच्या, फोटोचा कागद बनविणाऱ्या कंपनीने हे काम अंगावर घेतले. तीच पुढे झेरॉक्स झाली.

१६ सप्टेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात त्यांचे '९१४' हे यंत्र लोकांना दाखविले गेले. नऊ इंच रुंद व चौदा इंच लांब कागदाची नक्कल काढते म्हणून ९१४. वजन ६४८ पौंड, म्हणजे सुमारे २९४ किलो. त्या दिवशी दोन यंत्रे मांडली होती. त्यांतील एकाने पेट घेतला. हसू नका. आत कागद अडकला आणि तापलेल्या भागाजवळ राहिला, की तो करपणारच. कंपनीने पुढे यंत्राबरोबर आग विझविण्याचे छोटे उपकरण दिले आणि त्याला नाव दिले 'करप-निवारक'. आग हा शब्द गिऱ्हाइकासमोर उच्चारावयाचा नाही, हा व्यापाराचा धर्म तेथेही पाळला गेला.

आता यंत्राच्या पोटात डोकावू. सेलेनियमचा मुलामा दिलेले एक नळकांडे असते. कारागीर त्याला ड्रम म्हणतात. एका बारीक तारेतून हजारो व्होल्टचा दाब देऊन ड्रमवर विद्युत्‌भार चढवितात. मूळ कागदावरून परतलेला उजेड आरसे व भिंग यांतून ड्रमवर पडतो. कोऱ्या जागेचा उजेड पडतो तेथला भार निघून जातो. अक्षराची सावली असते तेथे तो टिकतो. मग सूक्ष्म मण्यांना चिकटलेली काळी भुकटी ड्रमवरून ओघळते आणि भार असेल तेथे बसते. भुकटी कागदावर ओढली जाते, उष्णतेने वितळून पक्की होते. उरलेली भुकटी फिरत्या केसाळ ब्रशाने झाडावयाची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वीज, उजेड, धूळ, उष्णता आणि धावता कागद हे पाचही एका पेटीत कोंडलेले! त्यांतील कोणी रुसले नाही असा दिवस विरळा. तारेवर धूळ बसली की नकलेवर पांढरा पट्टा. ड्रमवर ओरखडा उठला की प्रत्येक प्रतीवर त्याच जागी काळी रेघ. पावसाळ्यात कागद दमट झाला की भार टिकत नाही. अक्षरे फिकट उमटतात आणि पाने एकमेकांस चिकटून आत जातात.

यंत्र महाग, म्हणून कंपनीने ते भाड्याने दिले. महिना ९५ डॉलर, त्यात २००० प्रती, त्यापुढे प्रतीमागे काही सेंट. मोजणी करणारे चक्र यंत्रातच बसविलेले. या हिशेबाकडे मी संघटनेच्या माणसाच्या नजरेने पाहतो. यंत्र बंद पडले की मोजणी थांबली, आणि मोजणी थांबली की मिळकत थांबली. गावोगाव फिरणारा दुरुस्तीकार ज्या क्षणी झाकण उघडून हात काळे करी, त्या क्षणी कंपनीचा नफा त्याच्या बोटांवर उभा असे. तरीही वहीखात्यात त्याची नोंद कोठे? खर्चाच्या बाजूला.

या दुरुस्तीकारांवर ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने १९९६ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. एखाद्या जमातीत राहून तिचे चालीरीती टिपावेत, तसा तो झेरॉक्सच्या दुरुस्तीकारांबरोबर हिंडला. कंपनीने त्यांना पुस्तके दिली होती: अमुक आकडा दिसला तर तमुक चाचणी करा, मग तमुक भाग बदला. समजून घेण्याची गरज नाही, पाळले की झाले. आणि यंत्र? ते पुस्तकाप्रमाणे बिघडत नसे. एके ठिकाणी यंत्र एका दोषाचा आकडा दाखवी आणि तो आकडाच फसवा होता. दोन जाणते माणसे कित्येक तास यंत्रासमोर बसली. त्यांनी चाचण्या घेतल्या, त्याहून अधिक काळ ती गोष्टी सांगत राहिली: मागे एका यंत्राला असे झाले होते, अमक्याने असे सांगितले होते. गोष्टींतून गोष्टी जुळत गेल्या आणि खरा दोष विद्युत्‌भार देणाऱ्या भागातील शॉर्टमध्ये सापडला. ही माणसे सकाळी खाणावळीत एकत्र न्याहारी करीत, पत्ते खेळत आणि बिघाडांच्या कथा सांगत. वरून पाहणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटला असता. ऑरने दाखविले की त्यांची खरी शाळा तेथेच भरत होती.

हे वाचून मला आमच्याकडची एक बैठक आठवली. येथील एका कंपनीच्या दुरुस्ती कामगारांचे गाऱ्हाणे घेऊन आम्ही व्यवस्थापनासमोर बसलो होतो. प्रत्येक तक्रारीला ठरावीक मिनिटे, तीच तक्रार आठवड्यात पुन्हा आली तर पगारातून कपात, आणि दुपारी चहाच्या टपरीवर चौघे दिसले तर लेखी जाब. साहेबांचे म्हणणे, टपरीवर काम होत नाही. एक वयस्क मेकॅनिक शांतपणे म्हणाला, "साहेब, मागच्या महिन्यात कलेक्टर कचेरीचे मशीन तुम्ही भंगारात काढणार होता. ते टपरीवर दुरुस्त झाले. मी नुसता स्क्रू फिरवायला गेलो." कपात रद्द झाली. मिनिटांचे बंधन मात्र राहिले, हेही सांगितले पाहिजे.

१९९० नंतर झेरॉक्सनेच फ्रान्समधून 'युरेका' नावाची योजना सुरू केली. दुरुस्तीकारांनी आपल्या युक्त्या लिहावयाच्या, इतर जाणत्या दुरुस्तीकारांनी त्या तपासावयाच्या आणि सर्वांना खुल्या करावयाच्या. युक्तीखाली ती देणाऱ्याचे नाव असे. नावाला किती किंमत आहे हे ज्याला आयुष्यभर हजेरीपटावरच्या क्रमांकाने हाक मारली गेली, त्याला विचारावे.

आपल्या देशात १९८३ साली मोदी झेरॉक्स कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना उत्तर प्रदेशातील रामपूरला. कंपनीचे नाव तर आपण केव्हाच मराठी करून टाकले. कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर काढली तरी ती 'झेरॉक्स'च. आमच्या संघटनेची पत्रके त्याआधी सायक्लोस्टाइलवर निघत. स्टेन्सिल फाटली की रात्र वाया. कचेरीसमोर पहिले झेरॉक्सचे दुकान उघडले, तेव्हा निलंबनाच्या आदेशाची प्रत कामगाराच्या स्वतःच्या हातात राहू लागली. आमच्या लढ्यांत हा बदल लहान नव्हता.

आता ती आरसे-भिंगांची यंत्रे गेली. संगणकाच्या जातीची यंत्रे आली. त्यांतील भाग उघडून घासावयाचे नसतात, काढून नवे बसवावयाचे असतात. एखादे '९१४' अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपलेले आहे, ठीक आहे. पण जुने यंत्र चालवून दाखवावयाचे म्हटले, तर अडचणी समोर येतात. सेलेनियमच्या थराचे उष्णतेने हळूहळू स्फटिक होतात आणि ड्रम निकामी होतो. रबरी रूळ कडक होतात. त्या जातीची भुकटी व मणी बाजारात नाहीत. पेटी उरते. ती कशी चाले, कोणत्या आवाजावरून काय ओळखावे, हे माणसांपाशी उरते, आणि ही माणसे आता साठी-सत्तरीत आहेत.

त्यांच्यापैकी पुष्कळांपाशी वह्या आहेत. मी अशी एक पाहिली आहे. तेलाचे डाग पडलेली, शंभर पानी. एका पानावर यंत्राचे चित्र, शेजारी बाण काढून लिहिलेले: 'येथे खर्रर आवाज आल्यास गिअर नव्हे, खालची पट्टी पहा.' अशा वह्या घरच्यांनी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घातल्याचेही मला ठाऊक आहे. येथील नगर वाचनालयाचे चालक आज सभेत आहेत. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी एक कपाट मोकळे करावे. वह्या गोळा करून आणण्याचे काम आमचे. ज्या घरी असा मेकॅनिक असेल, त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे. मी त्या दाराशी उभा आहे.