दीक्षेपूर्वीची वीस वर्षे
(सुवर्णमहोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



 मुसलमान शिक्षकाने ख्रिस्ती दीक्षेवर बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. म्हणून कारण आधी सांगतो.

गेल्या वर्षी आमचा एक जुना विद्यार्थी वडिलांसह घरी आला. घर ख्रिस्ती, भाषा मराठी. पाळकपदाची दीक्षा घेऊन इस्पितळात रुग्णांची सेवा करावी, हा मुलाचा ध्यास. आधी पोटापाण्याचे पाहावे, हा वडिलांचा आग्रह. "सर, आता तुम्हीच याला समजवा," असे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. आम्ही दोघांपुढे चहा ठेवला आणि रेव्हरंड नेहेम्या गोरे यांची हकीकत सांगितली.

नीळकंठ गोरे यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळच्या काशीपुऱ्यात, म्हणजे आपल्या ग्वाल्हेरच्या शेजारीच झाला. घराणे चित्पावन, आणि चाकरी बांद्याच्या नबाबाची. ते नबाब म्हणजे बाजीराव-मस्तानीचे वंशज. काशीत शास्त्रे शिकलेले हे तरुण पंडित मिशनऱ्यांचे खंडन करावयास गेले आणि वाद घालता घालता स्वतःच विचारात पडले. १८४८ साली जौनपुरास त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरावर आकाश कोसळले. ते दुःख आम्ही हलके करून सांगणार नाही. आम्हीही बाप आहोत.

इतके सोडून आलेल्या माणसाने दीक्षा मात्र लगेच घेतली नाही. मनातल्या शंका मिटत नव्हत्या. १८५३ साली कन्या एलन जन्मली, आणि थोड्याच काळात पत्नी निवर्तली. पुढे महाराजा दुलीपसिंगांबरोबर ते विलायतेस गेले. तिथला ख्रिस्ती समाज पाहून ते किती खिन्न झाले, हे मॅक्समुल्लर यांनी लिहून ठेवले आहे. १८६० साली 'षड्दर्शन-दर्पण' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. डीकनची दीक्षा १८६८ साली झाली आणि पूर्ण धर्मगुरुपद १८७० साली मिळाले. ज्यांच्या लेखनाचा पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीवर प्रभाव पडला, ते गोरे १८९५ साली मुंबईत निवर्तले.

आमच्यात इमामतीस उभा राहणारा मागच्या साऱ्यांची जबाबदारी खांद्यावर घेतो. वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाचेही तेच. म्हणून मुलास म्हटले, "बाळ, झगा घालण्याची घाई नको. आधी पदवी घे. रविवारी इस्पितळात जा. खाटेवर हिंदू असेल, मुसलमान असेल. उपदेश न करता नुसते ऐकता येते का, ते पाहा." वडिलांस म्हटले, "भाऊसाहेब, तो थांबायला तयार आहे. तुम्ही दार बंद करू नका."

मुलगा आता पदवीच्या शेवटच्या वर्षास आहे आणि दर रविवारी इस्पितळात जातो. वडील अजून पुरते राजी नाहीत. पण परवा त्याचा डबा त्यांनीच भरून दिला.

आपल्या संस्थेने शिष्यवृत्ती देताना मुलाचा अभ्यास पाहिला. तो पुढे कोणत्या वाटेने जाणार, हे विचारले नाही. हे व्रत असेच चालू राहो, आणि परमेश्वर संस्थेस उदंड आयुष्य देवो, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.