आईला बाहेर काढू नका



आपल्या लोधीखेडा भागात वेदनेवर बोलायचं तर गोटमारीपासूनच सुरुवात करावी लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि त्यावरच्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे मारतात. या खेळात माणसं मेलेली आहेत, त्याची भलामण मी करणार नाही. पण दवाखान्यात त्या जखमा शिवता शिवता मी थोडं शिकलो. कपाळ फुटून सदरा रक्ताने भिजलेला गडी हसत आत यायचा आणि भुलेची सुई दिसली की पांढराफटक पडायचा. एकजण म्हणाला, "गोटा लागला तं समजलंच नाही साहेब, पण हे सुई पाहूनशान जीव घाबरते."

दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकी भूलतज्ज्ञाने असंच काही पाहिलं. गंभीर जखमी सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांना वेदनाशामक नकोच होतं, असं त्यांनी १९४६ साली लिहिलं. पुढे १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मज्जारज्जूतल्या 'फाटका'ची कल्पना मांडली. वेदनेचा निरोप त्या फाटकातून वर जातो आणि मेंदू ते लोटूही शकतो, सताड उघडूही शकतो. भीती ते उघडते.

आणि भीती आपण पोराला घरीच पाजतो. "जेव, नाहीतर डॉक्टर सुई मारेल." मग दवाखान्यात त्याला आडवं पाडून तिघं धरतात आणि आईला बाहेर काढतात, कारण म्हणे ती रडते. वर आपण सांगतो, "काही दुखणार नाही." मीही सांगायचो. एकदा पाचेक वर्षांच्या मुलीच्या हाताला टाके घालताना मी असंच बोललो. सुई टोचल्यावर ती रडली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. टाके काढायला आली तेव्हा तिने हात फ्रॉकमागे लपवला होता. त्या दिवशी मी ते वाक्य सोडलं. आता म्हणतो, "चिमटा बसल्यासारखं होईल, दहा आकडे मोजू, तोवर संपेल." मोजताना आकडा चुकवायचा, पोरगं लगेच दुरुस्त करतं. लक्ष तिकडे गेलं की काम होऊन जातं.

लस टोचताना काय करावं, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगून ठेवलं आहे. बाळ आईच्या कुशीत असावं, शक्यतो अंगावर पीत असावं. थोडं मोठं पोर बसतं ठेवावं, निजवू नये. एकाच वेळी अनेक लसी असतील तर जास्त झोंबणारी शेवटी द्यावी. सुई आत गेल्यावर रक्त येतं का म्हणून दट्ट्या मागे ओढू नये. आणि 'दुखणार नाही' असं खोटं बोलू नये. यातलं एकही औषधाच्या कपाटातून काढावं लागत नाही, म्हणूनच बहुधा आपण ते मनावर घेत नाही. मात्र टोचलेली जागा चोळायची नाही, एवढं आजीलाही सांगा.

मोठ्या माणसांचं काय? गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दवाखाना बांधण्याआधी आदिवासींनाच विचारलं, तुम्हाला दवाखान्याची भीती का वाटते? उत्तर आलं की तिथे सगळे पांढरे कपडे घालतात, आणि आमच्यात पांढऱ्या कापडात मेलेल्याला गुंडाळतात. शिवाय आमच्या माणसांना तुम्ही जवळ राहू देत नाही. म्हणून त्यांच्या शोधग्राममध्ये मोठी इमारत न उभारता गावातल्यासारख्या झोपड्या उभ्या राहिल्या, नातेवाइकांना सोबत राहायची सोय झाली आणि दवाखान्याला नाव मिळालं आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. आपण मात्र विचारत नाही, पाटी लावतो: 'नातेवाइकांनी आत येऊ नये.'

एक इशारा देतो, नाहीतर उद्या माझ्या नावावर भलतंच खपेल. जखम शिवायची तर जागा बधिर करायचीच. गोष्टी सांगून, फुंकर घालून कोणाला टाके घालू नका. मी सांगतो ते औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नाही.

सिस्टर, आशाताई, तुमच्यावर आकड्यांचा किती दाब असतो हे मला ठाऊक आहे. रजिस्टर, पोर्टल, वरून फोन. तरी एक मागतो. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी टेबलाशेजारी आईसाठी एक खुर्ची ठेवा. पाठ टेकता येईल अशी.